इंगवालच्या गाण्याला चाल सापडेना

उत्तरेच्या थंड समुद्राकाठच्या आमच्या स्कारविक गावात गाण्याशिवाय कुणी पन्नाशीचा होत नाही. बारसं असो, लग्न असो, की कुणाची साठी. मेंढीचं मटण आणि कोबी पोटात गेला, की कुणीतरी उठतं आणि रिबिनीने बांधलेल्या कागदाच्या सुरळ्या टेबलाटेबलांवरून फिरू लागतात. सगळ्यांच्या ओळखीची चाल, तीवर घरच्याच कुणीतरी जुळवलेले शब्द, आणि त्या शब्दांत उत्सवमूर्तीच्या झाडून साऱ्या खोडी. गळा असो वा नसो, सगळ्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचं. पाद्रीबाबाही यातून सुटत नाहीत.

आणि असलं प्रत्येक गाणं छापायला जाण्याआधी हालवारमास्तरांच्या स्वयंपाकघरातून जातं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गावाला वाटतं ते अजून फळ्यापाशीच उभे आहेत. मास्तरांनाही तसंच वाटतं. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही, जे काही जीव लावणं होतं ते सगळं शब्दांना लावलं.

आता शब्दाला शब्द चिकटवून लांबच लांब शब्द करायची आमच्या भाषेला भारी हौस. पण कितीही डबे जोडा, आवाजाचा जोर इंजिनावर, म्हणजे पहिल्या तुकड्यावर. काफेकॉप म्हणजे कॉफीचा कप. जोर 'काफ'वर, 'कॉप' आपला मागून निमूट येतो. हे दुधखुळ्या पोरालाही कळतं. पण तेच पोर मोठं होऊन गाणं रचायला बसलं, की चालीचा ठोका नेमका शेपटावर येऊन आदळतो आणि कप कॉफीच्या डोक्यावर चढून बसतो. मास्तरांच्या लेखी हा गुन्हा. त्यांची परीक्षा सोपी होती. टेबलावर जोराच्या जागी मूठ आपटायची, बाकीच्या तुकड्यांवर नुसतं बोट. काफ-फे-कॉप. मूठ, बोट, बोट. गावातली सगळी माणसं ही मूठ-बोटं शिकूनच मोठी झाली, आणि घराची किल्ली विसरतील पण ती विसरणार नाहीत.

अपवाद एकच. इंगवाल.

इंगवाल म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा, बोर्गहिलचा नवरा. बाहेरच्या बेटांवरचा माणूस, फेरीवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर, गाड्या चढवायच्या-उतरवायच्या कामाला आला आणि इथलाच झाला. उमदा, हसतमुख, वस्तीत कुणाचंही छप्पर गळालं तर आधी शिडी घेऊन हजर. पण गाणी रचायचं वेड. आणि गाण्यात जोर कुठे द्यावा याचा त्या माणसाला गंध नव्हता. बोर्गहिलची चाळिशी, पन्नाशी, साठी, लेकीचं बारसं, लेकीचं लग्न, प्रत्येक वेळी स्वारी कागद घेऊन मास्तरांच्या दारात उभी, आणि प्रत्येक वेळी मास्तर कपाळाला हात लावायचे.

"इंगवाल, हे माणसाच्या तोंडून निघणारं नाही."

"माझ्या तोंडून निघालं की."

"तू सगळा भार शेवटच्या तुकड्यावर टाकतोस."

"मास्तर, गाणं म्हणजे फेरी असते रे. सगळ्या गाड्या आत मावल्या, चढउताराची लोखंडी झडप वर झाली, की सुटायचं. कुठली पुढे आणि कुठली मागे, काय फरक पडतो?"

"जड ट्रक सगळे शेपटाला लावलेस तर फेरी बुडेल."

"बुडाली का आजवर?"

"मी होतो म्हणून नाही बुडाली."

मग इंगवाल खो-खो हसायचा, कॉफी प्यायचा आणि कागद टेबलावर टाकून निघून जायचा. मास्तर रात्रभर नाही, पण संध्याकाळभर तरी त्यावर बसायचे. शब्द उलटेपालटे करायचे, जोर जागेवर आणायचे. समारंभात गाणं झोकात पार पडायचं, लोक इंगवालच्या पाठीवर थापा मारायचे, आणि इंगवाल मास्तरांकडे बघून डोळा मारायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

मार्चमध्ये इंगवाल गेला. छातीत दुखतंय म्हणून शहरातल्या इस्पितळात नेलं, तिथे काही दिवस पडून होता आणि मग एका सकाळी नव्हता. पण पडल्या पडल्या गडी स्वस्थ बसलेला नव्हता. सप्टेंबरात बोर्गहिलची सत्तरी होती, तिचं गाणं त्याने तिथेच लिहून काढलं. कागद लेकीच्या, इदुनच्या हातात देऊन बजावलं, "हे थेट छापायला द्यायचं. मास्तरच्या हाती लागता कामा नये." आणि बोर्गहिलला एवढंच म्हणाला, "सत्तरीला माझं गाणं आहे तुला. चाल कानावर पडली की कळेल."

सत्तरी शनिवारी. त्या आधीच्या बुधवारी दुपारी इदुन मास्तरांच्या दारात उभी राहिली. इदुन शहरात औषधाच्या दुकानात काम करते, दुनियेच्या गोळ्या बिनचूक मोजून देते, कधी घाबरलेली कुणी पाहिली नाही. त्या दिवशी तिचा चेहरा पांढराफटक होता.

"मामा, बाबांनी तुला दाखवू नको म्हणून सांगितलं होतं."

"मग दाखवू नकोस."

"चाल लिहायची राहिली."

मास्तर खाली बसले. गाण्याच्या डोक्यावर चालीचं नाव लिहायचं असतं हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तेवढं नसलं तर त्या कागदाचं काय करायचं, पाव गुंडाळायचा?

"त्याच्या हातच्या कागदावर असेल."

"नाही. तिथेही नाही. त्याला वाटलं मला ठाऊक आहे, मला वाटलं छापखान्याला ठाऊक आहे, आणि सगळ्या सुरळ्या रिबिनी बांधून खोक्यात तयार आहेत."

"मग आईला विचार."

"आईला कसं विचारू मामा? गाणं तिचंच. आधीच वाचून दाखवलं तर सत्तरीला उरलं काय?"

हेही खरं होतं. मास्तरांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. पहिल्या ओळीतच ते कण्हले. "सित्तीऑर्सदाग," त्यांनी मूठ वर केली. सत्तरावा वाढदिवस. जोर 'सित्त'वर. पण ओळ अशी रचलेली, की ठोका पडावा तर 'दाग'वर. पुढच्या ओळीत व्हाफेलयार्न, वाफल भाजायचं ते लोखंडी भांडं. तिथेही भार 'यार्न'वर. तिसरीत काफेकॉप आणि कॉफीच्या डोक्यावर कप. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इंगवालची मेल्यावरही गेली नव्हती.

"ठेवून जा," मास्तर म्हणाले. "गावात अशी चाल नाही जी मला येत नाही."

इदुन गेली आणि मास्तर कामाला लागले. आधी खलाशांचा वाल्झ, तो गोल गोल नाचायचा, लावून पाहिला. दुसऱ्या ओळीत शब्द उरले आणि सूर संपले. मग शाळेतलं कूचगीत. तिथे उलटं, शब्द संपले आणि सूर नुसतेच पुढे चालू लागले. बकरीचं बालगीत लावलं, डोंगरावरच्या गवळणीचं लावलं, निवडणुकीतलं एक जुनं लावलं, शेवटी देवाला हात जोडून अंत्यविधीचं स्तोत्रही लावून पाहिलं. ते जवळजवळ बसलं, पण वाफलच्या भांड्याचं गुणगान त्या सुरात म्हणताना मास्तरांना स्वतःलाच रडू फुटायची वेळ आली, म्हणून तेही सोडलं. प्रत्येक चालीत मूठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे.

एवढ्यात दारात बोर्गहिल. मास्तरांनी कागद चटकन चीजच्या ताटाखाली सरकवला.

"जास्तीच्या खुर्च्या आहेत का रे तुझ्याकडे? लोक फार येणार असं दिसतंय."

"घे ना. तळघरात आहेत."

बोर्गहिल बसली. ती बसणारी बाई नव्हे, उभ्या उभ्या कॉफी पिणारी आणि उभ्या उभ्या निघणारी. पण बसली. चीजचा एक तुकडा कापायला ताट ओढू लागली, तर मास्तरांनी ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"काय झालं?"

"शिळं आहे."

"तू शिळं चीज ठेवतोस कधीपासून?" ती म्हणाली. मग खिडकीबाहेर फेरीकडे बघत राहिली. "हालवार, तुला सांगते, मार्चपासून मी या शनिवारचीच वाट बघतेय. बाकी वाट बघण्यासारखं काही उरलंच नाहीये. सकाळी उठते आणि म्हणते, अजून त्याचं एक गाणं यायचंय. ते झालं की मग बघू पुढे कसं जगायचं ते."

ती खुर्च्या घेऊन गेल्यावरही मास्तर बराच वेळ ताट धरूनच बसले होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी करायला नको होती. पेन्सिल घेतली. म्हणाले, फक्त बघू. सत्तरीचा शब्द ओळीच्या सुरुवातीला आणला, वाफलचं भांडं मधे सरकवलं, कॉफीचा कप पुढच्या ओळीत ढकलला. आणि बघता बघता गाणं खलाशांच्या वाल्झवर असं सरसर चालू लागलं, की मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या डुलायला लागले. लोण्यात सुरी. त्यांच्या मनात आलं, शनिवारपर्यंत सुरळ्या पुन्हा छापून घेता येतील, कुणाला कळणार आहे? बोर्गहिलला गाणं मिळेल, इदुनचा जीव भांड्यात पडेल, आणि इंगवालचंही नाव राहील.

दुपारी इदुन आली आणि तिने कागदावरची पेन्सिल पाहिली.

"मामा."

"नुसतं करून बघत होतो."

"बाबा गेला तरी तू सोडत नाहीस त्याला."

ती हे रागाने म्हणाली असती तर मास्तरांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली. मास्तरांनी खोडरबर शोधलं आणि तिच्यासमोर बसून सगळी पेन्सिल पुसून काढली. पुसताना लक्षात आलं, की आयुष्यात स्वतःची दुरुस्ती त्यांनी पहिल्यांदाच पुसली होती.

"मग आता?" इदुन म्हणाली.

"आता सिग्मुनला विचारू," मास्तर म्हणाले. "फेरीवर बरोबर होते दोघं. गाताना त्याने ऐकलं असेल."

सिग्मुन म्हणजे इंगवालचा फेरीवरचा सोबती, आणि शनिवारच्या समारंभाचा सूत्रधारही तोच. कुणी कधी बोलायचं, कुठलं गाणं कधी म्हणायचं, सगळं त्याच्या हाती. शुक्रवारी सकाळी मास्तर फेरीवर चढले. पलीकडे काही काम नव्हतं, नुसतं जायचं आणि यायचं. सिग्मुनने त्यांच्या हातात फेरीवरचं जाड गोड धिरडं ठेवलं.

"गायचा ना इंगवाल," सिग्मुन म्हणाला. "गाड्या चढताना तर हमखास. पण काय गायचा ते विचारू नका मास्तर. त्याच्या तोंडून राष्ट्रगीतसुद्धा ओळखू यायचं नाही."

"का?"

"आता तुम्हाला काय सांगायचं. ते बघा." त्याने झडपेकडे बोट केलं. एक व्हॅन चढत होती. पुढची चाकं लोखंडावर आली, टप्, टप्, आणि मग मागचं सगळं वजन एकदम, धाड्. पुढची गाडी. टप्, टप्, धाड्. "सगळा जन्म याच्याशेजारी उभं राहून गेला त्याचा. कुठलंही गाणं असो, तो धाड् शेवटीच यायचा. आम्ही हसायचो, तो आणखी मोठ्याने गायचा."

मास्तरांच्या हातातलं धिरडं तसंच राहिलं. ते गाड्यांकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की इंगवालला ऐकूच येत नाही. अहो, त्याला फार नीट ऐकू येत होतं, फक्त ऐकत होता तो भलतंच काहीतरी. सिग्मुन गाड्या लावायला पुढे गेला, तसं मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. फेरीच्या कठड्यावर त्यांनी हळूच बोट टेकवलं, पुन्हा बोट टेकवलं, आणि मग मूठ आपटली.

"काफ-फे-कॉप," ते पुटपुटले. आणि त्यांचे कान तापले.

घरी येऊन त्यांनी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली. हो, न जाणो एखादा जुना विद्यार्थी रस्त्याने जायचा आणि ऐकायचा. मग कागद समोर धरून ते चुकीचं बोलू लागले. सोपं नव्हतं ते. डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावावं तशी जीभ अडखळत होती, चुकता चुकता सारखी बरोबर होत होती. "सित्ती-ऑर्स-दाग," बोट, बोट, मूठ. "व्हाफेलयार्न." बोट, बोट, मूठ. पुन्हा. पुन्हा. ओळ हळूहळू हलू लागली, मग चालू लागली, आणि पहिलं कडवं संपता संपता मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण बसलेले नाही आहोत. आपण टेबलाभोवती गोल फिरत आहोत.

नाताळच्या झाडाभोवती हात धरून फिरतात, ती चाल होती ती.

मास्तर मटकन बसले. ही त्यांना कशी सुचणार होती? सप्टेंबर होता. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधी नाताळचं गाणं गुणगुणणारा माणूस आमच्याकडे एकतर पर्यटक असतो, नाहीतर तापाने फणफणलेला. मास्तरांनी स्वतः पोरांना यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं. आणि गावातल्या चाली धुंडाळताना अख्खा डिसेंबर महिना त्यांनी वगळला होता.

मग त्यांना तो नाताळ आठवला. वादळात फेरी अडकून पडली होती आणि फेरीवरच्या माणसांना गावाने समाजघरातल्या झाडाच्या समारंभाला बोलावलं होतं. आत पोरांचं कडं, बाहेर मोठ्यांचं, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. तरणाबांड हालवार, नवा मास्तर, मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता. आणि बेटांवरचा कुणी एक धटिंगण खुशाल उलट्या दिशेने निघाला आणि थेट बोर्गहिलवर जाऊन आदळला.

"उलटा चाललायस तू," हालवार ओरडला होता.

"बरं, मग इथेच थांबतो," तो म्हणाला होता, आणि बोर्गहिलचा हात धरून अख्खं गाणंभर जागच्या जागी उभा राहिला होता.

शनिवारी समाजघर गच्च भरलं. मटण संपलं, बटाटे संपले, इदुनचं भाषण झालं, तिचा नवरा बोलला, पाद्रीबाबा गरजेपेक्षा जास्त बोलले. बोर्गहिल निळ्या लोकरी पोशाखात मधल्या टेबलाशी बसली होती. तिने दोन वेळा चमचा पाडला. कधी न पाडणारी बाई. शेवटी सुरळ्या वाटल्या गेल्या आणि सिग्मुनने ग्लासवर चमचा वाजवला.

"आता इंगवालचं गाणं. चाल," तो थांबला, मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मान डोलावली, "चाल, नाताळच्या झाडाभोवतीची."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या टेबलावरून एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, आज कितवा महिना. बोर्गहिलने मात्र दोन्ही हात तोंडावर धरले, आणि इदुनने मामाकडे पाहिलं, आणि मास्तरांना वाटलं, जिंकलो.

पेटीवाल्याने सूर दिला. लोकांनी तोंडं उघडली. आणि पहिल्याच ओळीत सगळा सावळागोंधळ.

झालं असं, की त्या सभागृहात पाद्री सोडून एकूण एक माणूस मास्तरांच्या हाताखालून गेलेला. डोळ्यांनी ते इंगवालचं वाचत होते, पण जीभ मास्तरांची. 'सित्तीऑर्सदाग' दिसलं की आपसूक 'सित्त'वर जोर. टेबलाखाली मुठी आपटत होत्या. अर्धे लोक ओळ संपवून बसले, अर्धे अजून वाफलच्या भांड्यापाशी, पेटी एकटीच पुढे निघून गेली. दुसऱ्या ओळीवर सगळे लाजून गप्प झाले. कुणी घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "वाचूनच दाखवू या का?"

बोर्गहिलने हात खाली घेतले होते. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. ती मान खाली घालून कागदाची घडी घालत होती, पाहुणी निघायच्या आधी रुमालाची घालते तशी.

मास्तर उभे राहिले. सभागृह चिडीचूप झालं, जुन्या सवयीने काहींनी पाठ सरळ केली.

"सगळ्यांनी नीट ऐका," मास्तर म्हणाले. "जोर शेवटी द्यायचा."

कुणाला काही कळेना.

"शेवटी कसा, मास्तर?" सुतार विचारता झाला. अंगाने धिप्पाड, आजोबा झालेला माणूस. "तुम्हीच तर शाळेत..."

"ते विसर."

"म्हणजे चूक म्हणायचं?"

"चूक म्हणायचं."

"मास्तर, माफ करा, मागे नीट ऐकू आलं नाही," कोपऱ्यातून एक बाई म्हणाली. तिला उत्तम ऐकू आलं होतं. "जरा मोठ्याने सांगता का?"

"चूक म्हणा," मास्तर गरजले. "माझ्याकडून शिकलात ते सगळं गेलं खड्ड्यात. बोट, बोट, मूठ. काफ-फे-कॉप. चला, माझ्या मागून."

आणि त्यांनी स्वतः सुरू केलं. एकट्याने, बसक्या आवाजात, टेबलावर धाड् धाड् मूठ आपटत. पहिल्या ओळीला सगळे नुसते बघत राहिले. दुसऱ्या ओळीला सिग्मुन मिळाला, त्याला काही शिकवावं लागलं नाही. मग सुतार, मग ती कोपऱ्यातली बाई, आणि मग सगळं सभागृह. असं गाणं स्कारविकमध्ये त्याआधी झालं नाही. जन्मभराचा सूड उगवत होते लोक. प्रत्येक शेपटावर सगळ्यांच्या मुठी एकदम, कप उडत होते, केकवरची मलई थरथरत होती. गाण्यात होतं ते असं, की बोर्गहिलचं वाफलचं भांडं तापलं की फेरी आपोआप धक्क्याला लागते, की तिच्या एका कप कॉफीने मेलेलाही उठून बसेल, आणि इंगवाल उठला नाही तर समजावं की कॉफी पातळ झाली. शेवटच्या कडव्याला रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले, आणि चालच तशी, त्यामुळे कुणी ठरवलं नसताना हात धरले गेले आणि टेबलांभोवती कडं फिरू लागलं. बोर्गहिल मधे उभी होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

कॉफीच्या वेळी ती केकची बशी घेऊन मास्तरांच्या शेजारी येऊन बसली.

"वाईट आहे ना गाणं?" ती म्हणाली.

"फार वाईट. तिसरं कडवं तर भयंकर आहे."

"हो." तिने केकची बशी दोघांच्या मधे ठेवली. "हालवार, मी आयुष्यभर त्याची गाणी ऐकली. म्हणायचे, माझा नवरा किती सफाईने लिहितो. आज पहिल्यांदा त्याचं ऐकलं. इतकी वर्षं मी तुझंच ऐकत होते."

मास्तरांच्या तोंडात केक होता. तो त्यांनी आधी गिळला.

"मला वाटायचं, त्याचं हसं होऊ नये."

"माहीत आहे मला. त्यालाही माहीत होतं, म्हणून तर तुझ्याकडे यायचा. रागावले नाहीये मी." तिने चमच्याने केकचा तुकडा केला, पण खाल्ला नाही. "मला एवढंच सांग, ती बाकीची आहेत का तुझ्याकडे? त्याच्या हातची, तू हात लावायच्या आधीची?"

"नाहीत," मास्तर म्हणाले. "नवीन लिहून झालं की जुनं मी चुलीत घालायचो."

बोर्गहिलने मान हलवली. मास्तरांना आयुष्यात कधी कशाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. भोवती लोक अजून हसत होते, कुणीतरी कपबशीवर बोट-बोट-मूठ वाजवत होतं, आणि ही शेजारी बसून केकचे तुकडे करत होती.

"पण पाठ आहेत," मास्तर म्हणाले.

"काय पाठ आहे?"

"त्याचं. जसं लिहिलेलं तसं. मास्तरला बरोबर लिहिलेलं कधी आठवत नाही ग, चुका तेवढ्या आठवतात. इंगवालची एकही चूक मी विसरलेलो नाही."

बोर्गहिलने चमचा खाली ठेवला. मास्तरांनी बशी बाजूला सारली, कप बाजूला सारला, टेबलावर हाताला जागा केली.

"आधी इदुनच्या बारशाचं घेऊ," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत चूक आहे, नीट ऐक." आणि त्यांनी घसा खाकरून गायला सुरुवात केली.